नजर जिथे, मान तिथे

सकाळी साडेनऊला खुर्चीत येऊन बसलेला माणूस आणि त्याच खुर्चीत साडेअकराला सापडणारा माणूस, दोघांचे बाजूने फोटो काढून शेजारी शेजारी ठेवावेत. पहिल्याची पाठ टेकलेली असते, कान साधारण खांद्याच्या रेषेत असतो, तळपाय जमिनीवर असतात. दुसऱ्याच्या पाठीमागे खुर्चीचा टेकू रिकामा. बैठक घसरून पुढे आलेली, कमरेचा बाक उलटा झालेला, पाय खुर्चीच्या दांड्याला वेटोळं घालून बसलेले आणि डोकं पडद्याच्या दिशेने वीतभर पुढे. मधल्या दोन तासांत ‘आता पोक काढून बसू या’ असं त्याने एकदाही ठरवलेलं नसतं.

हे घडतं कसं, ते पाहायचं तर पाठीआधी डोळ्यांकडे पाहावं लागतं. तक्त्यातला एखादा बारीक आकडा नीट लागत नाही. किंवा मागच्या खिडकीचा उजेड पडद्यावर सांडतो आणि मजकूर पुसट होतो. डोळे काही जागेवरून उठून पुढे जाऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना घेऊन डोकं जातं. डोक्यामागून मान, मानेमागून खांदे, आणि एवढा ऐवज पुढे झुकला की तोल राखायला कंबर मागे गोल होते. आकडा वाचून होतो, पण डोकं परत येत नाही. पुढची ओळही बारीकच असते.

‘ताठ बस’ हा सल्ला म्हणूनच टिकत नाही. तो पाठीला दिलेला असतो, आणि पाठ बिचारी या रांगेत शेवटच्या नंबरावर उभी असते. छाती पुढे काढून, खांदे मागे ओढून, पोट आत घेऊन माणूस बसतो खरा, पण ती कवायत झाली. लक्ष कामात गेलं की मिनिटाभरात सगळं सैल पडतं, कारण नजरेला ओढणारी गोष्ट जागच्या जागी असते. नजरेची सोय केली की पाठीला फारसं सांगावं लागत नाही. ती केली नाही, तर महागातली महाग खुर्चीही मागे नुसती उभी राहते.

मोठ्या माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. कान खांद्याच्या वर असतो तोवर हा भार मणक्यांच्या माळेवर अलगद बसतो. डोकं पुढे गेलं की तेवढंच वजन लांब दांड्याच्या टोकाला टांगल्यासारखं होतं. भरलेली बादली अंगालगत धरणं आणि हात लांब करून धरणं, यात जो फरक तोच. केनेथ हन्सराज या मणक्याच्या शल्यविशारदाने २०१४ साली गणिती प्रारूप मांडून मान वाकवल्यावर हा भार किती वाढतो याचा अंदाज दिला: १५ अंशांना सुमारे १२ किलो, ३० अंशांना १८, ४५ अंशांना २२ आणि ६० अंशांना २७. तेव्हापासून हे आकडे सगळीकडे फिरतात, बहुधा घाबरवायला. पण ते प्रारूपातून निघालेले आहेत, जिवंत मानेत मोजलेले नाहीत. शिवाय मान वाकण्यासाठीच बनलेली आहे. पुस्तक वाचणारी, शिवण शिवणारी माणसं संगणकाच्या कितीतरी आधीपासून मान खाली घालत आली आहेत. मानेला कोनापेक्षा वेळ जास्त जाचतो.

स्नायू आवळला की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, सैल सोडला की रक्त पुन्हा भरतं. चालताना हे पंपासारखं आलटून पालटून होतं. पुढे गेलेलं डोकं तोलून धरणारा स्नायू मात्र थोडासाच, पण तासभर सलग आवळलेला राहतो. संध्याकाळी मान आणि खांद्याच्या मधोमध, खवाट्याच्या हाडाच्या आतल्या वरच्या कोपऱ्यापाशी एक ठणका लागतो आणि दुसऱ्या हाताची बोटं आपोआप तिथे जाऊन दाबू लागतात. ती जागा खांदा वर उचलणाऱ्या स्नायूच्या खालच्या टोकाची. त्याचं वरचं टोक मानेच्या वरच्या ४ मणक्यांना धरून असतं. तिथे मलम चोळून रात्र निघते, पण पडदा होता तिथेच राहिला तर दुसऱ्या दिवशी ठणका वेळेवर हजर.

कवटीच्या तळाशी आणखी एक प्रकार चालू असतो. डोकं पुढे गेलं तरी नजर समोर ठेवायची असते, म्हणून मानेचा खालचा भाग पुढे वाकतो आणि वरचा भाग उलटा, मागे मोडतो. हनुवटी पुढे काढलेल्या कासवासारखी. कवटीखालचे ते इवलेसे स्नायू दिवसभर आखडून बसतात, आणि मग मानेमागून सुरू होऊन डोक्यावरून कपाळापर्यंत येणारी डोकेदुखी सुरू होते. तिला ‘पित्त झालं’ म्हणून गोळी घेतली जाते ते वेगळंच.

पहिला उपाय म्हणून सहसा खुर्ची बदलली जाते. खरं तर आधी अक्षर मोठं करावं, त्याला पैसेही पडत नाहीत. पाठ पूर्ण मागे टेकवायची. हात समोर लांब करायचा. बोटांची टोकं पडद्याला लागतील इतकं अंतर ठेवायचं, म्हणजे साधारण ५० ते ७० सेंटिमीटर. पडदा फार मोठा असेल तर आणखी थोडा मागे. आता रोजच्या कामातला सर्वांत बारीक मजकूर उघडायचा. डोकं तसूभरही पुढे न नेता तो वाचता आला पाहिजे. नाही आला तर आकार ११० टक्के, नाहीतर १२५, नाहीतर १५०. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं बटण एकत्र दाबलं की काम होतं, सगळीकडेच लागू करायचं असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्केल बदलायचं. ‘मग पडद्यावर मजकूर कमी मावतो’ ही तक्रार रास्त आहे. पण न मावलेला मजकूर बोटाने सरकवता येतो, पुढे गेलेली मान तशी सरकत नाही. दीडशे टक्क्यांनाही डोळे ताणावे लागत असतील तर नंबर तपासून घेण्याची वेळ झाली आहे.

उंचीचा नियम सोपा आहे: पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली. डोळ्यांना सहज विसाव्याची नजर आडवी नसते, ती १५ ते २० अंश खाली उतरलेली असते, आणि मग ती आपसूक पडद्याच्या मध्यावर पडते. पडदा याहून वर नेण्यात दुहेरी तोटा. एक तर हनुवटी वर जाते. दुसरं म्हणजे वर पाहताना पापण्या जास्त उघडतात, डोळ्याचा जास्त भाग हवेला उघडा पडतो आणि डोळे लवकर कोरडे होतात.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो नेमका चाळिशीनंतरच्या लोकांना लागू होतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं वाचायची जागा काचेच्या खालच्या भागात असते. नियमाप्रमाणे उंच ठेवलेला पडदा त्या खालच्या भागातून पाहायला हनुवटी वर उचलावी लागते, आणि दिवसभर मान मागे मोडून बसावं लागतं. अशांनी पडदा नेहमीपेक्षा बराच खाली उतरवून वरच्या बाजूने किंचित मागे कलता ठेवावा. त्याहून बरं म्हणजे फक्त संगणकाच्या अंतरासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. चष्मा करायला जाताना डोळे ते पडदा हे अंतर टेपने मोजून न्यावं. ‘संगणकासाठी हवाय’ एवढंच सांगितलं तर चष्मा पुस्तकाच्या अंतराचा बनून येतो, आणि तो घातल्यावर डोकं पुन्हा पुस्तकाच्या अंतरावर जातं.

खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला हवी. दोन पडदे असतील आणि काम मुख्यतः एकावर असेल, तर तो एक नाकासमोर. दोन्हींच्या मधोमध बसणाऱ्याची मान दिवसभर कुठल्या ना कुठल्या बाजूला वळलेली राहते.

नजरेनंतर हात. टेबलं साधारण ७२ ते ७५ सेंटिमीटर उंचीची बनतात, आणि ही उंची बेतलेली असते बऱ्यापैकी उंच माणसावर. बुटक्या माणसाने पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची खाली घेतली की टेबल छातीकडे येतं, कीबोर्डपर्यंत पोचायला खांदे कानाकडे उचलले जातात. म्हणून क्रम उलटा धरावा: आधी कोपर, मग पाय. खांदे सैल सोडून कोपरं बरगड्यांलगत ठेवायची, कोपराचा कोन ९० ते ११० अंश, आणि हाताची पुढची बाजू टेबलाच्या पातळीत येईल इतकी खुर्ची वर. त्यात पाय अधांतरी झाले तर त्यांच्याखाली ५ ते १० सेंटिमीटरचा पाट किंवा खोका. कागदाची न फोडलेली दोन रिमं चिकटवली तरी चालतात. पाय लोंबकळत ठेवले तर बैठकीची कड मांडीखाली रुतते, पायाला मुंग्या येतात आणि माणूस सुटका म्हणून बैठकीच्या टोकावर सरकतो. टेकू पुन्हा रिकामा.

खुर्चीची बैठक पुढून मागे किती लांब आहे ते कुणी तपासत नाही, आणि बरीच भांडणं तिथेच असतात. पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्यामागची लवण आणि बैठकीची कड यांच्यात दोन-तीन बोटं गेली पाहिजेत. बैठक जास्त लांब असेल तर पाठ टेकतच नाही, मग पाठीमागे उशी घालून माणसालाच पुढे आणावं लागतं. कमरेच्या बाकासाठी टॉवेल गुंडाळून केलेली वळकटी पुरते, दाबल्यावर ५-६ सेंटिमीटर जाड उरेल एवढी. तिची जागा पट्ट्याच्या किंचित वर. बहुतेक लोक ती फार वर, बरगड्यांमागे ठेवतात आणि ‘टोचते’ म्हणून तासाभरात काढून टाकतात. टेकू काटकोनात ठेवायचा हट्टही नको. १०० ते ११० अंशांपर्यंत मागे कलला की धडाचा थोडा भार तो स्वतः घेतो. खुर्चीचे हात टेबलाला आपटून खुर्ची आत जाऊ देत नसतील तर ते काढून टाकलेले बरे.

कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात, ते उघडायचे असतात असा बऱ्याच जणांचा समज. उघडले की कीबोर्ड आपल्याकडे उतरता होतो आणि मनगट वर मोडून टाइप करावं लागतं. ते मिटून ठेवावेत. माऊसची तक्रार वेगळी. उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांमुळे तो वीतभर लांब ढकलला जातो, कोपर अंगापासून सुटतं आणि खांदा दिवसभर हात अधांतरी धरून ठेवतो. आकड्यांचं काम नसेल तर तो भाग नसलेला आखूड कीबोर्ड घ्यावा. फक्त उजवा खांदा दुखणाऱ्यांची दुखणी या एका बदलाने बरीच हलकी होतात.

लॅपटॉपला यातलं काहीच लागू पडत नाही, कारण त्याचा पडदा आणि कीबोर्ड बिजागरीने जोडलेले आहेत. पडदा डोळ्यांना बरोबर तर हात छातीशी, हात बरोबर तर डोळे खाली. ही यंत्राची खोट आहे, बसणाऱ्याची नाही. इलाज एकच, दोघांची फारकत. खाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा स्टँड किंवा जाड पुस्तकांची चवड, आणि वेगळा कीबोर्ड व माऊस. नुसता स्टँड घेऊन त्यावरच्याच कीबोर्डवर टाइप करणं म्हणजे मान सोडवून खांदे अडकवणं. प्रवासात, सोफ्यावर, पलंगावर अर्धा तास बसलं तर काही बिघडत नाही. तो अर्धा तास दुपार होऊन बसतो, तिथे बिघडतं.

एवढं सगळं जमवलं, आता हलायचं नाही, असं मात्र नाही. उत्तम बैठक म्हणून काही एक आकृती आहे ही समजूत फार जुनी आहे आणि विज्ञानानेच तिला धक्के दिले आहेत. १९६० च्या दशकात स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीत, म्हणजे दोन मणक्यांमधल्या मऊ गादीत, सुई घालून दाब मोजायला सुरुवात केली. उभ्यापेक्षा बसल्यावर दाब जास्त, असं त्यांना आढळलं. त्यावर एक अख्खी पिढी ‘बसणं कमरेला वाईट’ असं शिकली. १९९९ मध्ये हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका माणसाच्या चकतीत दाबमापक बसवून दिवसभराच्या हालचाली मोजल्या, तेव्हा सैल, आरामात बसताना दाब उभ्याइतकाच, किंबहुना किंचित कमी निघाला. पुढे पूर्ण वाकून बसल्यावर मात्र तो जवळपास पावणेदोनपट झाला. एकाच माणसावरचं मोजमाप, त्याच्या मर्यादा उघड आहेत. पण टेकून आरामात बसलेल्याला गुन्हेगार ठरवायचं कारण उरलं नाही.

मोठेपणी मणक्यांमधल्या चकतीला स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळपास नसतो. तिचं पोषण शेजारच्या हाडातून झिरपून येतं, आणि भार चढ-उतार होत राहिला तर हे झिरपणं सुरळीत चालतं. स्पंज दाबून सोडल्यासारखं. दिवसभराच्या भाराने चकत्यांतलं पाणी थोडं बाहेर जातं, म्हणून माणूस रात्री सकाळपेक्षा सेंटिमीटरभर, कधी त्याहून थोडा जास्त, बुटका असतो. झोपेत पाणी परत येतं. तेव्हा सर्वांत सुंदर बैठकसुद्धा दीड तास न हलता धरली, तर चकतीच्या दृष्टीने तो दाबून ठेवलेला स्पंजच.

बसून राहण्याचा हिशेब पाठीपुरता नाही. १९५३ साली जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. २०१६ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचा एकत्र अभ्यास झाला. रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये दिवसभर बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळपास पुसला गेलेला दिसला. रोज सव्वा तास सगळ्यांना जमेल असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची आहे, आणि जे होईल ते काहीच न होण्यापेक्षा बरं, हेही त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे.

उभं राहून काम करायचं टेबल घेऊन हा प्रश्न सुटत नाही. आठ तास उभं राहणं ही आठ तास बसण्याचीच धाकटी बहीण, फक्त दुखतात ते पाय आणि टाचा. ते टेबल असेलच तर २०-३० मिनिटं उभं, मग बसणं, अशी अदलाबदल. नसेल तर दर अर्ध्या तासाने मिनिट-दोन मिनिटं उठलं तरी पुष्कळ. यासाठी लावलेले मोबाईलचे गजर तिसऱ्या दिवसापासून न वाचताच बंद केले जातात. त्यापेक्षा उठणं एखाद्या कामाला बांधावं. फोन आला की उभं राहूनच घ्यायचा. पाण्याची मोठी बाटली टेबलावर न ठेवता छोटा पेला ठेवायचा, म्हणजे तो भरायला उठावंच लागतं.

डोळ्यांचीही बैठक असते, आणि तीही मोडावी लागते. एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा लवणारी पापणी पडद्यासमोर निम्म्याहून कमी लवते, आणि लवते तीही पुष्कळदा अर्धीच. अश्रूंचा थर मध्ये सुकतो. मग चुरचुरणं, धूसर दिसणं, आणि धूसर दिसलं की काय होतं ते सुरुवातीला आलंच आहे: डोकं पुढे. दर २० मिनिटांनी २० सेकंद साधारण ६ मीटर लांबचं काहीतरी पाहावं. जवळ पाहताना आवळलेला डोळ्यातला स्नायू तेव्हा सैल होतो. त्या २० सेकंदांत ५-६ वेळा पापण्या पूर्ण, अगदी खालची-वरची टेकेपर्यंत मिटाव्यात. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर येत असेल तर आधी तो वळवावा, नाहीतर थेंब घालून काही होणार नाही.

मोबाईलची गोष्ट जरा निराळी, कारण तो हातात असतो आणि हात थकतात. फोन डोळ्यांसमोर धरा असा सल्ला दिला जातो. करून पाहावं, तीन मिनिटांत खांदा भरून येतो आणि फोन पुन्हा पोटाशी उतरतो. टिकणारी पद्धत अशी: फोन धरलेल्या हाताचं कोपर दुसऱ्या हाताच्या तळव्यावर किंवा मांडीवरच्या उशीवर टेकवायचं, फोन छातीच्या वरच्या भागापर्यंत आणायचा आणि उरलेलं अंतर मानेने न उतरता नजरेने उतरायचं. दोन मिनिटांहून लांबचं टायपिंग असेल तर बोलून टाइप करावं, किंवा संगणकावर करावं.

एका हाताने फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने टाइप करणाऱ्यांच्या मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला दुखू लागतं. अंगठा हलवणाऱ्या स्नायूंच्या दोन दोऱ्या तिथल्या अरुंद नळीतून जातात आणि घासून सुजतात. या दुखण्याचं वर्णन फ्रित्झ डी क्वेर्व्हेन या स्वित्झर्लंडच्या शल्यविशारदाने १८९५ सालीच केलं होतं, म्हणजे मोबाईलने हा रोग शोधलेला नाही, त्याला फक्त गिऱ्हाईक मिळवून दिलं. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे झुकवल्यावर कळ आली तर संशय पक्का. आठ-दहा दिवस त्या अंगठ्याला टायपिंगपासून आणि एका हाताने जड वस्तू उचलण्यापासून सुट्टी द्यावी. तरी थांबलं नाही तर डॉक्टर.

हाताला मुंग्या येतात तेव्हा नेमक्या कुठल्या बोटांना, हे पाहण्यासारखं असतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा मधल्या बोटाकडचा अर्धा भाग बधिरत असेल, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटातल्या बोगद्यात दबलेली नस हे कारण असू शकतं. झोपेत मनगट दुमडू नये म्हणून ते सरळ ठेवणारी पट्टी रात्री बांधून बरं वाटतं. करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग बधिरत असेल तर ती नस वेगळी, कोपराच्या आतल्या हाडामागून जाणारी, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात ती. कोपर पूर्ण दुमडून अर्धा तास फोन कानाला लावणं, किंवा पलंगावर पडून फोन तोंडासमोर धरणं, यात ती ताणली जाते. अनामिका ही दोन नसांची हद्द आहे. तिचा कुठला अर्धा भाग बधिर, एवढं सांगितलं तरी डॉक्टरांचं काम हलकं होतं.

व्यायामांच्या याद्या लांबलचक असतात आणि म्हणूनच पाळल्या जात नाहीत. तीन पुरेत. पहिला हनुवटी मागे नेण्याचा. तो दिसायला बावळट आणि करायला फसवा आहे. पाठ टेकवून बसायचं, नजर समोरच्या एका ठिपक्यावर ठेवायची. हनुवटीवर बोट ठेवायचं आणि डोकं सरळ मागे सरकवायचं, टेबलाचा खण आत ढकलतात तसं. गळ्याशी दुहेरी हनुवटी झाली, कवटीखाली हलका ताण जाणवला, की बरोबर. ५ सेकंद थांबून सोडायचं, ८ ते १० वेळा, दिवसातून तीन-चारदा. बहुतेकांकडून होणारी चूक म्हणजे डोकं मागे नेण्याऐवजी हनुवटी छातीकडे वाकवणं. समोरचा ठिपका नजरेतून खाली-वर सुटला तर समजावं की मान वाकली. दुसरी चूक जोराची. पूर्ण ताकद लावली तर गळ्याच्या पुढचे स्नायूच आखडतात, निम्मा जोर पुरतो.

दुसरा व्यायाम पाठीच्या वरच्या भागाचा. खुर्चीच्या पाठीची वरची कड खवाट्यांच्या खालच्या टोकाशी येईल असं बसायचं, बोटं गुंफून हात डोक्यामागे, आणि श्वास सोडत त्या कडेवरून मागे वाकायचं, ८ वेळा. इथे कंबर मोडू द्यायची नाही. तळपाय जमिनीवर दाबून आणि बरगड्या खाली ठेवून बसलं की वाक आपोआप योग्य जागी पडतो. चाकाची खुर्ची असेल तर आधी ती भिंतीला लावावी, हे अनुभवाने शिकायची गरज नाही.

तिसरा जांघेतल्या स्नायूंचा, जे दिवसभर बसून आखूड राहतात. एक गुडघा जमिनीवर, त्याच्याखाली उशी, दुसरा पाय पुढे काटकोनात. आता पुढे झुकायच्या आधी माकडहाड खाली ओढून नितंब आवळायचं. एवढ्यानेच मागच्या मांडीच्या मुळाशी ताण यायला हवा. मग बोटभर पुढे. ३० सेकंद, दोन्ही बाजूंना दोनदा. लोक हे न करता थेट पुढे झेपावतात, कंबर मागे मोडते आणि व्यायामाने कंबर धरली म्हणून सोडून देतात.

झोपेबद्दल थोडंच. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरेल एवढी जाड हवी, उताणं झोपणाऱ्याची बरीच पातळ. पालथं झोपणाऱ्याची मान मात्र रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, तिथे उशी बदलून भागत नाही. आणि पलंगावर पडून फोन पाहायची सवय मोडायची, तर फोन हाताच्या टप्प्यात नसला की निम्मं काम होतं.

काही लक्षणांवर मात्र उशी, टॉवेल, व्यायाम यांचा प्रयोग करत बसू नये. हातातून वस्तू निसटणं, बधिरपणा वाढत जाणं, चालताना पाय अडखळणं, तापाबरोबर पाठदुखी किंवा रात्री झोपेतून उठवणारी दुखणी दिसली तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतल्या भागाला संवेदना राहिली नाही, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावं.

गाडी चालवणाऱ्यांकडे एक तयार मोजमाप असतं. सकाळी पाठ नीट टेकवून बसावं आणि मागचं दाखवणारा आरसा असा लावावा की मागची काच कडेपासून कडेपर्यंत दिसेल. संध्याकाळी परतताना त्यात काचेची खालची कड कापलेली दिसते आणि हात आपोआप आरशाकडे जातो. आरसा सकाळी होता तिथेच असतो. त्यातले काही मिलिमीटर चकत्यांचे, ते रात्री भरून येतील. बाकीचे बैठकीवरून पुढे घसरल्याचे. ढुंगण मागे सरकवून पाठ टेकवली की काच पुन्हा जवळपास पूर्ण दिसते.